पाणी सुकेपर्यंतची चमक

मॅट रंगाची गाडी धुवायला घेतली की पहिल्याच पाण्याला ती मॅट राहत नाही. नळीचं पाणी टपावरून खाली पसरतं आणि राखाडी पत्रा एकदम काळपट, खोल, तुकतुकीत होतो. ज्या बॉनेटमध्ये एरवी स्वतःचं तोंडही दिसत नाही, त्यात वरची गुलमोहराची फांदी पानांसकट उमटते. मग नळ बंद होतो. पाणी आधी टपाच्या मधल्या भागावरून आटतं, नंतर बॉनेटच्या उंचवट्यांवरून आणि शेवटी दारांच्या खालच्या कडांवरून. जिथून ते आटतं तिथून गाडी पुन्हा आपल्या मूळ, अबोल रंगात येते. चकाकत्या गाडीत असं काही घडत नाही. ती ओली काय आणि कोरडी काय, जवळपास सारखीच. त्यामुळे मॅट गाडी शोरूमच्या दिव्यांखाली पाहण्यात फारसा अर्थ नाही. ती न्हाऊन सुकताना पाहावी.

अभिषेकाच्या वेळी काळ्या पाषाणाची मूर्ती पाहिली असेल त्याला हा बदल ओळखीचा वाटेल. कोरडी असताना करडी, पाण्याची धार पडताच काळीभोर. दोन्हीकडे कारण एकच आहे. पृष्ठभाग बारीक खडबडीत असला की त्याच्यावर पडलेला उजेड एका दिशेनं परत न जाता चहूकडे विखुरतो. हा विखुरलेला पांढुरका उजेड आतल्या रंगात मिसळतो आणि रंग फिका, धुरकट दिसतो. पाणी त्या बारीक खळग्यांत शिरून वरून सपाट थर धरतं. उजेड पुन्हा शिस्तीनं एकाच बाजूला परततो आणि खालचा रंग आपल्या खऱ्या खोलीसह दिसू लागतो.

मॅट गाडीत हा खडबडीतपणा मुद्दाम घडवलेला असतो. पत्र्यावर गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपल्याकडचे पेंटर लॅकर म्हणतात, अशी गाडीच्या रंगाची रचना असते. मॅट गाडीत रंगाचा थर वेगळा असावा लागत नाही. वेगळं असतं ते हे वरचं लॅकर. त्यात सिलिकाचे काही मायक्रॉन आकाराचे कण मिसळलेले असतात. थर वाळताना आक्रसतो आणि हे कण पृष्ठभागाला डोळ्यांना न दिसणारे उंचवटे देतात. म्हणजे आपण ज्याला मॅट रंग म्हणतो, तो रंगावरच्या नितळ थरात जाणूनबुजून ठेवलेला ओबडधोबडपणा. गाडीची निगा राखायची म्हणजे हा ओबडधोबडपणा राखायचा. घासून लख्ख करण्यावर वाढलेल्या आपल्या हातांना हे पचायला जड जातं.

चकाकती आणि मॅट यांच्या तुलनेसाठी पुण्याजवळच्या चाकणकडे पाहावं. स्कोडाची कुशाक तिथेच बनते. २०२३ साली कुशाकची मॅट आवृत्ती निघाली, फक्त ५०० गाड्यांची, ‘कार्बन स्टील मॅट’ या रंगात. कार्बन स्टील हा करडा रंग कुशाकला चकाकत्या रूपातही मिळत होता, त्यामुळे एकाच आकाराच्या दोन गाड्या, एकाच कुळीचा करडा रंग आणि फरक मुख्यतः वरच्या लॅकरचा, अशी जोडी पुण्याच्या एखाद्या पार्किंगमध्ये शेजारीशेजारी सापडू शकते. सापडली तर थांबून पाहण्यासारखी आहे. चकाकत्या कुशाकच्या दारावर आधी दिसते शेजारची भिंत, वरची ट्यूबलाइट, विजेच्या तारा, पाहणाऱ्याचे पाय. गाडीचा आकार या सगळ्या गर्दीतून शोधावा लागतो. मॅट कुशाकच्या दारात बाहेरचं जग जवळजवळ नाहीच. तिथे आहे फक्त छायाप्रकाश: वरच्या कडेला उजळ, मधल्या घडीखाली गडद, चाकाच्या कमानीवर पुन्हा हळूहळू उजळत गेलेला. हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत जाणारी खांद्याची रेघ चकाकत्या गाडीत तुटक दिसते, मॅटमध्ये एका दमात वाचता येते. रंगातल्या धातूच्या बारीक चकत्यांची चमचमही इथे विझून रेशमी पोत होते.

म्हणून कोणत्या गाडीला मॅट शोभतो याबद्दल माझं मत पक्कं आहे. घड्या, कोन, तुटलेली प्रतलं असलेल्या गाडीला तो खुलवतो. गोलसर, गुबगुबीत गाडीचं त्यात पीठ होतं. गोल पृष्ठभागाचं सौंदर्य त्यावरून सरकत जाणाऱ्या चमकेत असतं आणि मॅट नेमकी तीच काढून घेतो. लॅम्बोर्गिनीनं २००७च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात रेव्हेंतोन मांडली तेव्हा तिला हिरवट छटेचा मॅट करडा रंग दिला होता. लढाऊ विमानांवरून घेतलेले तिचे त्रिकोणी, धारदार पृष्ठभाग त्या रंगात जसे बोलले तसे चकाकत्या पिवळ्यात बोलले नसते. ग्राहकांसाठी अवघ्या वीस गाड्या, प्रत्येकीची किंमत कर सोडून दहा लाख युरो. पण मोटारींच्या जगात मॅटला प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्या वीस गाड्यांचा वाटा मोठा. त्याआधी मॅट होता तो कामापुरता. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या नाकावर, वैमानिकाच्या काचेपुढे, डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून बिनचकाकीचा पट्टा असे. रॅलीच्या गाड्यांनी तो उचलला. १९७२ची माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या सांद्रो मुनारीची लान्चा फुल्विया लालभडक होती, पण बॉनेट काळं आणि मॅट. पुढे मर्सिडीजचे ‘मॅग्नो’ आणि बीएमडब्ल्यूचे ‘फ्रोझन’ रंग आले, आणि महिंद्राच्या बीई ६ ची २०२५मधली बॅटमॅन आवृत्ती सॅटिन काळ्यात निघाली. सॅटिन म्हणजे मॅट आणि चकाकी यांच्या मधलं घर.

मॅटमध्येही थोडी चमक असतेच आणि ती कुठे दडलेली असते हे माहीत असणं हा रसिकतेचा भाग आहे. चकाकी मोजण्याच्या यंत्रात साधारणपणे ६० अंशांच्या कोनातून उजेड टाकतात. काळ्या, आरशासारख्या घोटलेल्या प्रमाणित काचेची चकाकी १०० धरतात. चकाकती गाडी त्या १०० च्या जवळपास पोचते, मॅट गाडी खूप खाली राहते. पण अगदी कमी चकाकीचे पृष्ठभाग ६० अंशांवर नीट वेगळे करता येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी ८५ अंशांचा, म्हणजे पत्र्याला जवळजवळ समांतर असा कोन घेतात. हाच प्रयोग डोळ्यांनी करून पाहावा. संध्याकाळी सूर्य खाली आला की मागच्या चाकापाशी उकिडवं बसायचं आणि नजर दारांना घासून पुढे न्यायची. समोरून मुका वाटणारा पत्रा या तिरक्या नजरेला एकदम उजळतो आणि क्षितिजाचा पट्टा त्यात धूसर उतरतो. तिरप्या उजेडाला ते बारीक उंचवटे लहान भासतात, त्यामुळे खडबडीत पृष्ठभागही थोडा गुळगुळीत असल्यासारखा वागतो.

आता प्रत्यक्ष धुणं. जागा सावलीची हवी आणि पत्रा गार. नुकती चालवून आणलेली गाडी बॉनेट तापलेलं असताना धुतली तर शाम्पू आणि पाणी दोन्ही जागच्या जागी वाळतात. आधी नुसतं पाणी, भरपूर, वरून खाली. प्रेशरचं यंत्र असेल तर नोझल लांब धरायचं. धुळीचा जाड थर हात न लावता निघून जाणं एवढंच त्याचं काम. मग फेस. शाम्पू साधा, पीएच ७ च्या आसपासचा आणि मुख्य म्हणजे बिनमेणाचा. बाटलीवर ‘वॉश अँड वॅक्स’ किंवा ‘हाय ग्लॉस’ असं लिहिलेलं असेल तर ती शेजाऱ्याला द्यावी. असे शाम्पू मागे ठेवतात तो पातळ थर खळग्यांत बसतो आणि गाडीवर चकाकीचे ढग उठतात. फेस काही मिनिटं राहू द्यायचा, वाळू द्यायचा नाही. तो घरंगळताना बरोबर किती माती नेतो, हे खाली वाहणाऱ्या पाण्याच्या रंगावरून कळतं आणि बघायला मजा येते.

यानंतरच हात लावायचा. दोन बादल्या: एक शाम्पूची, एक हातमोजा खंगाळायची. हातमोजा मऊ, लांब धाग्यांचा, म्हणजे उरलेले वाळूचे कण धाग्यांत शिरतात आणि पत्र्यावर ओढले जात नाहीत. हात सरळ रेषेत फिरवायचा, वरच्या भागांपासून खाली, आणि वजन फक्त मोज्याचं. इथे सराईत माणूस आणि नवखा यांच्यात फरक दिसतो. नवख्याचा तळहात दाबत जातो. सराईताचा मोजा पाण्यावर तरंगत जातो. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, कारण खडी आणि डांबर तिथेच उडतं. चाकांना निराळा ब्रश, निराळं पाणी. शेवटचं पाणी नोझल काढून, नुसत्या नळीनं, हळू, टपावरून सोडायचं. ते चादरीसारखं सरकत जातं आणि मागे थेंब कमी उरतात. पुसताना टॉवेल पसरून ठेवायचा, हलकेच टेकवायचा, उचलायचा. ओढायचा नाही. ब्लोअर असेल तर टॉवेलला सुट्टी.

एवढं सांगितलं की लोक विचारतात, इतकं जपायचं कशाला, ओरखडा गेला तर पॉलिश करू. नेमकं तेच इथे शक्य नाही. चकाकत्या लॅकरवरचे बारीक ओरखडे रबिंग-पॉलिशनं जातात, कारण पॉलिश करणारा वरचा थर खरवडून सगळा पृष्ठभाग पुन्हा एका पातळीवर आणतो. मॅटवर तेच यंत्र फिरवलं तर उंचवटे झिजतात आणि पत्र्याच्या मधोमध तळहाताएवढा चकाकता डाग उरतो. तो पुन्हा मॅट होत नाही. त्याच कारणानं पत्रा घासून साफ करायची मातीची वडी, म्हणजे क्ले बारही नको आणि नवी गाडी घेताना गळ्यात मारलं जाणारं मशीननं घासून केलेलं ‘टेफ्लॉन’ कोटिंग तर मुळीच नको.

हे खोटं वाटत असेल तर कुठल्याही पार्किंगमधली जुनी मॅट काळी मोटरसायकल बघावी. टाकीचा वरचा भाग अजून मॅट असतो, पण दोन्ही बाजूंना जिथे मांड्या टेकतात तिथे जीन्सनं घासून घासून गुळगुळीत चमक आलेली असते. मालकानं काही चुकीचं केलेलं नसतं, फक्त गाडी चालवलेली असते. मोटारीवरही अशा जागा असतात: डिकी बंद करताना जिथे तळवा पडतो ती कड, दाराच्या हँडलभोवतीची जागा, दाटीच्या पार्किंगमधून जाताना लोकांच्या पिशव्या जिथे घासतात तो मागचा कोपरा.

खरा धोका मात्र पहाटेचा असतो. सोसायटीत महिन्याच्या ठरलेल्या पैशांत गाड्या पुसणारे असतात. एक बादली, एक फडका आणि ओळीनं पंधरा-वीस गाड्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, चकाकत्या गाड्यांनाही तो फडका वर्षभरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा देतोच. पण तिथे त्या रेघा निघतात. मॅट गाडीच्या मालकानं आपली गाडी या ओळीतून निःसंकोच वगळून घ्यावी, हवं तर पैसे तेवढेच द्यावेत. कोरड्या धुळीवर फिरवला जाणारा ज्यूटचा किंवा पिसांचा झाडणाही नको. धुळीवर बोटानं नाव लिहिणाऱ्या पोरांचं काय करायचं यावर माझ्याकडे उपाय नाही.

डागांचं शास्त्र निराळं आणि त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळ. पक्ष्याची विष्ठा आम्लधर्मी. उन्हानं तापून मऊ झालेल्या लॅकरमध्ये ती उतरते आणि आपला आकार छापून जाते. मुंबईत कबुतरं, पुण्यात कावळे, जांभळीच्या दिवसांत सगळेच. डाग दिसला की ओला टॉवेल त्यावर काही मिनिटं नुसता ठेवायचा, मग उचलायचा. नखानं खरवडायचा मोह आवरायचा. पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावणाऱ्यांना पिठ्या ढेकणांचा चिकट द्रव ठाऊक असेल. तोही ताजा असताना पाण्याला शरण येतो, शिळा झाल्यावर येत नाही. पेट्रोल पंपावर नळी काढताना टाकीच्या झाकणाखाली ओघळणारे थेंब आणि ते तत्परतेनं पुसायला येणारा पंपावरचा कळकट फडका, या दोन्हींपैकी फडका अधिक वाईट. टायरला काळं करणारं सिलिकॉनचं पॉलिश चाक फिरल्यावर मडगार्डवर उडतं आणि मॅटवर तेलकट ठिपक्यांची नक्षी उमटते. बोटांचे ठसेही याच जातीचे: त्वचेचं तेल खळग्यांत भरतं आणि तेवढीच जागा ओली असल्यासारखी गडद दिसते. ते बहुधा शाम्पूनं निघतं. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार मात्र वाळले तर चिवट. म्हणून शेवटचं पाणी तरी गोड घ्यावं.

दसऱ्याचा प्रश्न जरा नाजूक आहे. खंडेनवमीला, दसऱ्याला गाडी धुऊन तिची पूजा होते, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक निघतं, हळद लागते, झेंडूची माळ चिकटपट्टीनं बसवली जाते. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘इथे नको’ म्हणायचं कसं? हळदीचा पिवळेपणा उन्हात हळूहळू उतरतो, पण कुंकवात तेल घातलेलं असेल तर ते बसून राहतं आणि चिकटपट्टी काढताना डिंक मागे उरतो तो निराळाच. माझ्या ओळखीच्या एका घरात आजींनीच तोडगा काढला: स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर, माळ लोखंडी जाळीला दोऱ्यानं, लिंबू टायरखाली. देवाची काही तक्रार आली नाही.

हा सगळा व्याप नको असणाऱ्यांसाठी संरक्षक फिल्म आहे. चकाकत्या गाडीवर मॅट फिल्म चढवता येते आणि कंटाळा आला की काढता येते; मॅट गाडीवरही तशीच फिल्म लावून तिचं लॅकर झाकता येतं. सोय आहे, नाकारत नाही. पण फिल्मचा मॅट मला किंचित दुधाळ वाटतो आणि दारांच्या कडांशी, जिथे ती संपते, तिथे नजर अडखळते. सिरॅमिक कोटिंगचंही तसंच: मॅटसाठी खास बनवलेलं असेल तर त्यावर पाणी लवकर घरंगळतं, धुणं सोपं होतं, पण लावताना कुठे जादा राहून वाळलं तर तो पट्टा पॉलिशनं काढायची सोय नाही. लावणाऱ्याचा हात बघून मगच गाडी द्यावी.

हात बघायचा तो सगळ्यात जास्त पेंटरचा. चकाकत्या लॅकरमध्ये धुळीचा कण बसला तर पेंटर तो पाण्याच्या बारीक कागदानं घासतो, वर बफ मारतो आणि विसरतो. मॅटमध्ये दुसरी संधी नाही. फवारा मारून थर जसा वाळेल तसाच तो कायमचा. थर जाड पडला, दोन हातांमधलं अंतर कमी-जास्त झालं, भट्टीची उष्णता बदलली, तरी चकाकी बदलते. म्हणून चांगला पेंटर चकाकतं आणि मॅट लॅकर प्रमाणात मिसळतो, आधी नमुन्याच्या पत्र्यावर मारतो, वाळवतो, गाडीशेजारी धरून उजेडात पाहतो आणि मगच गाडीला हात लावतो. ओरखडा बोटभर असला तरी रंगवायचा तो सबंध पत्रा, कडेपासून कडेपर्यंत, कारण मॅटमध्ये नवा थर जुन्यात विरवता येत नाही. टचअपची छोटी बाटली इथे निरुपयोगी.

इतकं करूनही शेजारच्या दाराशी तंतोतंत जुळणं कठीणच. वापरलेली मॅट गाडी विकत घ्यायला जाणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. विक्रेता कंपनीचाच रंग आहे म्हणत असेल तेव्हा मागच्या चाकापाशी बसून ती तिरकी नजर टाकावी. पुढचं दार, मागचं दार, मडगार्ड एकाच चालीनं उजळत गेले तर ठीक. मधलं एक दार एकट्यानंच जास्त उजळलं किंवा मुकंच राहिलं, तर त्यावर कारखान्याबाहेरचा रंग बसलेला असण्याचा दाट संभव आहे, आणि किमतीत त्याचा हिशोब मागायला हरकत नाही.